राक्षसांवरचा निबंध

प्रिय आईस करुणाचा जयभीम,

मी इथं मुकुंदवाडीत बरी आहे. तू दिलेली जवसाची चटणी रोज खाते. बाबांचा खोकला थांबला का?

आजच्या अद्भुत कादंबऱ्यांतले राक्षस पुराणांतून कसे आले, हे मी विद्यापीठात शोधते ना, त्यावरचा माझा निबंध मासिकात छापून आला. पुराणांतले राक्षस म्हणजे लढाईत हरलेली माणसं असावीत, जिंकणाऱ्यांनी त्यांना राक्षस ठरवलं, असं मी लिहिलं. तेव्हापासून फोनवर धमक्या येतात.

काल आमच्या विभागाच्या दारात दोघा अनोळखी माणसांनी मलाच विचारलं, "करुणा कोण?"

"ती आज आली नाय," मी म्हणाले. मग आत जाऊन तोच निबंध सगळ्यांसमोर वाचला. सरांनी दाराला आतून कडी लावली होती.

तू भिऊ नको. फक्त गावात कुणी माझा पत्ता विचारला, तर सांगू नको.

तुझीच,
करुणा