मागे उभं राहणारं माणूस

अहो,

'प्रिय' लिहायची आपल्यात रीत नाही आणि तुमचं नाव लग्नातल्या उखाण्यानंतर मी तोंडातून काढलेलं नाही, तेव्हा 'अहो'वरच भागवून घ्या. मी अलिबागला आले आहे. समुद्राकाठच्या एका बड्या हॉटेलच्या गॅलरीत बसून लिहिते आहे. दुपार आहे. मंगेश, स्नेहल आणि रेवा जेवून आडवे झालेत. आत्ताच लिहायचं कारण म्हणजे उद्या इथून निघायच्या आधी मंगेशला एक उत्तर द्यायचं आहे, आणि तुमच्या कानावर घातल्याशिवाय मी आजवर कुणाला कसलं उत्तर दिलंय?

त्याचं म्हणणं असं, की सिंदेवाहीकडचं आपलं घर बंद करायचं, धानाची बांधी दुसऱ्याला कसायला द्यायची आणि मी कायमचं पुण्याला जायचं. तो वाईट बोलत नाही हो. तुम्ही गेल्यापासून रोज फोन करतो. "माय, तू तिथी एकटी काऊन राह्यतेस? मले ऑफिसात बसून तुझाच घोर." पुण्यात इतकी वर्षं काढली, सून तिकडचीच केली, पण माझ्याशी बोलताना त्याच्या जिभेवर अजून गावच येतं. मी 'पाहू, पाहू' म्हणून टोलवत राहिले. मग ही सहल निघाली. गोडीगुलाबीनं माय वळते का, ते पोरगा पाहतो आहे.

आणि मी तरी का आले? तुमच्यामुळे. एका वर्षी मोहाच्या झाडाखाली तुम्ही मध्येच म्हणाला होतात, "ज्या पाण्याले दुसरा काठ नाई, असं पाणी एकदा पाह्यलं पाह्यजे." आपल्या तलावाला पलीकडे मातीची पाळ आहे, पाळीवर झाडं आहेत. वैनगंगेच्याही पल्याड गाव दिसतंच. काठ नसलेल्या पाण्याचा विचार तुमच्या डोक्यात कुठून शिरला? मी तेव्हा विचारलं नाही. फुलं वेचत होते.

तर आता मी ते पाणी पाहिलं. खरंच नाही हो दुसरा काठ. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा डोळे भरून वगैरे आले नाहीत, तुमचा राग आला. इच्छा तुमची आणि पाहायला मी एकटी, ही कुठली पद्धत?

हॉटेलचं काय सांगू! न्हाणीतला टब एवढा, की त्यात बांधीभर धानाचे पऱ्हे टाकता येतील. पलंगावर चार उशा, एका डोक्याला. पहिल्या दिवशी त्यातल्या तीन मी कपाटात ठेवल्या, संध्याकाळी कोणीतरी येऊन पुन्हा नीट मांडून गेलं. दुसऱ्या दिवशीही तसंच. आता मी नाद सोडला. पलंगाची तुमची बाजू तशीही मोकळीच असते, तिथे उशा असल्या काय नि नसल्या काय.

जेवणाचं मात्र नाव ठेवायला जागा नाही. पापलेट, सुरमई, तांदळाची भाकरी. इथे ज्याला कोळंबी म्हणतात ते आपले झिंगेच, फक्त खाऊनपिऊन सुखवस्तू झालेले. सोलकढी सरबत समजून मी एका दमात प्याले आणि लसणानं असा ठसका लागला, की शेजारच्या टेबलावरचे लोक पाण्याचा ग्लास घेऊन उठले. आपली नात रेवा तर पोट धरून हसली. तुम्ही असतात तर हसला नसतात. नुसते खाली मान घालून जेवत राहिला असतात आणि मिशीतल्या मिशीत तुमचं काय चाललंय ते मला बरोबर कळलं असतं.

मासे खाताना काटे मला कधीच जमले नाहीत. तुम्ही एक शब्द न बोलता साफ केलेला तुकडा माझ्या ताटात सरकवायचात. इथे स्नेहलनं विचारलं, "आई, काटे काढून देऊ का?" चांगली पोर आहे. मी म्हटलं, नको. आणि अर्धा मासा तसाच टाकला.

घरात तुम्ही किती कमी बोलायचात हे मंगेशला माहीत आहे. साऱ्या गावाला माहीत आहे. पोळ्याला बैल सजवतानासुद्धा खुणांवर काम चालायचं. माझ्या अंगणवाडीतल्या बाया मला म्हणायच्या, "बाई, तुमच्या घरी भांडण तरी कसं होते जी?" त्यांना काय ठाऊक, की माझा नवरा बोलतो, पण फक्त जंगलात.

तिथे बोलणं भागच होतं. मोहफुलं वेचायची तर उजाडता उजाडता झाडाखाली जावं लागतं, आणि वाकलेलं माणूस वाघाला माणूस वाटत नाही, जनावर वाटतं. म्हणून आपल्याकडे एकानं वाकायचं आणि दुसऱ्यानं त्याच्याकडे पाठ करून, जंगलाकडे तोंड करून उभं राहायचं. आणि सारखं, मोठ्यानं बोलत राहायचं. आवाज थांबला की वाकलेल्यानं हातातलं टाकून वळायचं. मग तुम्ही बोलायचात. काय काय बोलायचात! तुमच्या आईनं तुम्हाला मारलेलं, शाळा का सुटली ते, मंगेश शिकायला गेला तेव्हा गोठ्यात जाऊन रडलात ते, माझ्या हातची जवसाची चटणी तुमच्या बहिणीपेक्षा बरी असते ते. समोरासमोर यातलं एक अक्षर तुमच्या तोंडून निघालं नसतं. तुमचं सगळं मन मी पाठीनं ऐकलंय.

म्हणून एक गंमत झाली आहे. तुम्ही गेल्यावर लोक म्हणाले, घर खायला उठेल. उठलं नाही. घर जसं गप्प होतं तसंच गप्प आहे. कधी कधी तर वाटतं, तुम्ही ओसरीत बसलेले आहात आणि नेहमीप्रमाणे बोलत नाही आहात. खरं काय ते झाडाखाली गेल्यावर कळेल, हे मला माहीत होतं. म्हणून मी साऱ्या हिवाळ्यात जंगलाकडे फिरकलेच नाही. सरपणसुद्धा विकत घेतलं.

आणि इथे आले तर तेच समोर उभं.

काल सकाळी मी एकटीच समुद्रावर गेले. सवयीनं ओल्या वाळूवर माग शोधला. एका कुत्र्याचा होता, बाकी पाखरांचे पाय. बारके खेकडे वाळूच्या गोळ्या करून आपापल्या बिळाभोवती पसरून ठेवतात, ते पाहत पुढे गेले. एक पिवळट शिंपला दिसला. रेवासाठी घ्यावा म्हणून वाकले आणि हात तिथेच राहिला. मागे कोणी बोलत नव्हतं. इथे कसला वाघ? मलाही कळतं. पण पाठीला कळेना. समुद्राचा आवाज होता, पण त्याला काय, मी असले नसले तरी त्याचं चालूच. शिंपला तसाच टाकून मी खोलीत परत आले आणि त्या चार उशांत तोंड खुपसून रडले. मंगेशला सांगितलं, डोळ्यात वाळू गेली.

आज सकाळी पुन्हा गेले. सुरूच्या झाडांपाशी एक बाई एकटीच बसली होती, उकिडवी, खाली मान घालून शिंपले वेचत. माझ्याच वयाची असेल, डोक्याला गवताची मोठी टोपी, मुंबईकडची. पाठ झाडीकडे. मला राहवेना. मी तिच्या मागे जाऊन झाडीकडे तोंड करून उभी राहिले.

थोड्या वेळानं तिनं विचारलं, "काही हवंय का तुम्हाला?"

"नाई जी. तुम्ही वेचा. मी उभी आहो."

"हॉटेलनं पाठवलंय?"

म्हणजे तिला मी गार्ड वाटले. सुती लुगडं आणि खाली मंगेशनं घेतलेले पांढरे बूट, असा गार्ड! मी म्हटलं, "आमच्याकडे वाघ आहे जी. वाकलेल्या माणसामागं कोणी उभं नसलं तं मले पाह्यवत नाई."

तिनं एकदा झाडांकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे. दुसरी कोणी असती तर उठून गेली असती. ती म्हणाली, "बरं. उभ्या राहा मग."

"पण मले बोलत राह्या लागते."

"बोला की."

आता काय बोलणार? आयुष्यभर मी वाकणारी. उभं राहणाऱ्याचं काम मला कुठे ठाऊक? तुम्ही मला कधी उभं राहू दिलंतच नाही. आधी मी हॉटेलातल्या उशांचं बोलले. मग सोलकढीचं. ती मागून हसली, तसा मला धीर आला. मंगेशचं सांगितलं, घर बंद करायचं सांगितलं. झाडीकडे पाहत बोललं की तोंडातून काहीही निघतं हो, हे मला आज कळलं. तुमचं असंच व्हायचं का?

आणि मग धान रोवण्याच्या त्या दिवसाचं निघालं. ते मी मंगेशलाही धड सांगितलेलं नाही. आपल्या जंगलाकडच्या बांधीत शेवटच्या ओळी राहिल्या होत्या. मी चिखलात वाकलेली, तुम्ही मागे बांधावर उभे. तुम्ही सांगत होता, की यंदा धान चांगलं झालं तर मागच्या खोलीच्या छपरावर नवे कवेलू घालू. आणि 'कवेलू' म्हणता म्हणता आवाज थांबला. मी हातातली पऱ्ह्यांची जुडी टाकून वळले. वाघ नव्हता. तुम्ही बांधाला टेकून बसला होतात, डोळे जंगलाकडेच.

चहूबाजूंनी आपण राखण केली आणि तुमच्या छातीतच काय लपून बसलं होतं ते कुणालाच दिसलं नाही. दुखत होतं का आधीपासून? जंगलात एवढं सगळं बोलायचात, तेवढंच का नाही बोललात?

हे त्या बाईला सांगता सांगता माझा आवाज थांबला. आणि मागे शिंपले खाली पडल्याचं ऐकू आलं. ती गुडघ्यांवर हात टेकत उठली होती, ओंजळीतलं सगळं टाकून, आणि वळून माझ्यासमोर येऊन उभी राहिली होती. तिला आपली रीत कोणी शिकवली नव्हती. "काय झालं?" एवढंच म्हणाली.

अहो, तुम्ही गेल्यापासून माणसांनी मला काही कमी केलं नाही. जेवण आणून दिलं, सोबतीला निजायला आली, पोरगा धावत आला. पण माझा आवाज थांबला म्हणून कोणी वळलं नव्हतं. मी तिच्या खांद्यावर डोकं ठेवून रडले. तिचं नावही विचारलं नाही. नंतर आम्ही दोघी चहा प्यायलो आणि ती तिच्या खोलीकडे गेली.

खोलीत आले तर गावाकडून शेवंताचा फोन. तिचा नवरा मिरची तोडायला तेलंगणात गेलाय, तो काही एवढ्यात परतत नाही. "बाई, मोह गळून राह्यला जी. तुमच्या झाडाखाली सडाच्या सडा पडून आहे, हरणं खाऊन राह्यली. मीबी घरीच बसून आहो. एकटी कशी जाऊ?" मी म्हटलं, दोन दिवस थांब.

मागच्या मोसमात तुम्ही म्हणाला होतात, "मी नसलो तं मोहावर एकटी नोको जाऊ." मी तेव्हा चिडले होते, असलं अभद्र सकाळी सकाळी कशाला बोलायचं म्हणून. आणि एकटी नको तर कुणाबरोबर जाऊ, ते तुम्ही सांगितलंच नाहीत. माझं मलाच शोधावं लागलं.

तेव्हा माझं उत्तर ठरलं आहे. उद्या नाश्त्याला मंगेशला सांगते, की मी पुण्याला येईन, पाहुणी म्हणून येईन, रेवाच्या सुट्टीत येईन. घर बंद करणार नाही. तो रागवणार नाही, तुमच्यासारखा मान खाली घालून जेवत राहील, आणि ते मला रागापेक्षा जड जाईल. त्याला वाटेल, मायला भीतीच नाही कशाची. आहे रे बाबा. वाघाची आहे, रिकाम्या ओसरीची आहे, आणि यापुढे सगळं असंच एकटीनं पाहायचं, जेवायचं, परत यायचं, याची तर फारच आहे. ते त्याला सांगून त्याचा घोर कशाला वाढवू? तुम्हाला सांगितलं, पुरे.

तुम्हाला एक वचन देते. यंदा आपल्या झाडाखाली शेवंता वाकेल आणि मी जंगलाकडे तोंड करून उभी राहीन. तिला तुमचंच सांगीन, दुसरं माझ्याकडे आहे काय? आणि कितीही रडू आलं तरी बोलायचं थांबणार नाही. थांबले तर ती बिचारी फुलं टाकून माझ्याकडे वळेल, आणि भरलेली टोपली घेऊन घरी जायचं असतं आम्हा दोघींना.

तुमची,
मंगेशची माय