क्रिसिल्लाच्या नावाची मूर्ती

तानाग्रा, देमेतेरआईच्या महिन्यातली कोवळी चंद्रकोर

लाडक्या नातीस, क्रिसिल्लास आजीचा आशीर्वाद.

तुझी खुशाली कळली, बरं वाटलं. इकडे तुझ्या मामाची पाठ आणि माझी जीभ दोन्ही जागच्या जागी आहेत. मातीच्या मूर्तींची भट्टी पेटती आहे. लिहिणारा आपला आर्खिप्पा. शिशाच्या पत्र्यावर टोच्याने कोरतोय आणि म्हणतोय, "आज्जे, पत्रा एवढासाच आहे, मुद्द्याचं सांग." म्हटलं, "घरी बायको बोलू देत नाही, त्याचा राग माझ्यावर काढू नकोस."

मालकिणीचं बाळ तुझ्या दुधावर गुटगुटीत झालं म्हणे. अथेन्सच्या पोरांना चव कळते म्हणायची.

तू सांगितलंस तशी देमेतेरआईच्या देवळात वाहायला तुझ्या नावाची मूर्ती केली, छातीशी बाळ धरलेल्या आईची. आई साच्यातून निघते, बाळ मात्र हाताने वळून तिच्या छातीशी चिकटवावं लागतं आणि भट्टीत कितीतरी बाळं सुटून पडतात, हे तुला मी काय सांगू. हे मी इतकं दाबून बसवलं की मामा म्हणाला, "आई, जीव जाईल त्याचा." मग तोच उठून अंगणात गेला. मूर्ती अखंड निघाली. आईचं नाक तुझ्यासारखं बसकं आलंय. ते साच्याचं, माझा दोष नाही.

तू तिकडे दाई म्हणून राहिलीस, तेव्हापासून तुझ्या तान्ह्या थिऑनला मी बोंडल्याने शेळीचं दूध पाजत होते. आधी प्यायचा. मग नुसतं ओठांवरून ओघळू द्यायचा. शेजारच्या मिक्काने अंगावर घेऊन पाहिला, पण तिचंच पोर अर्धपोटी.

इथे आर्खिप्पा थांबला. "मूर्ती देवळात ठेवलीस ना, आज्जे? तेही लिहितो."

"नाही."

"मग कुठाय?"

"थिऑनपाशी."

त्याने टोच्या खाली ठेवला. म्हटलं, उचल, लिही.

पोरी, तुझा थिऑन गेला. जुलाब थांबलेच नाहीत. भट्टीमागच्या उतारावर मोठ्या मडक्यात निजवला आणि मूर्ती त्याच्या कुशीत दिली.

काम सोडून त्याच्यापाशी येतेस असा तुझा निरोप आला, म्हणून सांगावं लागलं. येऊ नकोस. दूध आटलेल्या दाईला कुणी दारात उभं करत नाही, आणि इथे आमची दोघांचीच पोटं भरत नाहीत. त्या पोराला पाजत राहा. त्याचा राग करू नकोस. कुणाच्या वाटचं पितोय हे त्याला काय ठाऊक? रडायचं तर विहिरीवर रड, मालकिणीसमोर नको.

शेवटी 'सुखात राहा' असं लिहायची रीत आहे म्हणतो हा. म्हटलं, ते नको लिहूस. वेळेवर जेवत जा, एवढंच लिही.

तुझी आजी