पूर्वानुभव : नाही

बजाजनगर,
ता. १९ जून २०२३

ती. बद्रीनाथदादांना धाकट्या सूर्यभानचा नमस्कार. वहिनींनाही सांगावा.

फोन केला असता, पण माझा नंबर दिसला की तुम्ही तो नुसता वाजू देता. चौदा वर्षं एवढा निग्रह म्हणजे कमालच. कागद वाजत नाही, म्हणून हा तरी उघडाल.

इकडं ठीक. तुमच्या भावजयीचे, द्वारकाचे, गुडघे दुखतात. पाणी आठ दिवसांनी येतं. शहराचं नाव बदललं, पगार तेवढा जुन्या नावाच्या काळातलाच राहिला.

वहिनींनी द्वारकाला विचारलं होतं, तुमच्या जावयाला, रामकिसनरावांना, वेल्डर म्हणून कुठं किती मिळतील. तर ऐका. लासूर स्टेशनला रोजचे सहाशे, तेही गिऱ्हाइकाच्या मनात आलं तर. इथं वाळूजला ठेकेदाराकडं महिना सतरा हजार. चाकणला त्याच कामाचे बावीस, त्यातले पाच खोलीवाला नेतो. गुजरातेत पाइपाच्या कामाला पस्तीस, कारण तिथं जोडाचा एक्स-रे काढतात. आखातात याच्याही दुप्पट, पण तिथल्या उन्हात आधी माणूस वितळतो, मग रॉड. लोखंड सगळीकडं एकच, भाव मात्र गावागणिक वेगळा.

गावाइतकाच फरक अनुभवानं पडतो. आणि अनुभव म्हणजे हातातला नव्हे, फायलीतला. हे मला गेल्या सोमवारी कळलं.

आमच्या कंपनीत नवा ठेकेदार आलाय, सहावा. त्याच्या ऑफिसातल्या साहेबानं विचारलं, "काका, अनुभव किती?"

"पंचवीस वर्षं."

"कागदावर?"

"कागदावर मी अजून जन्मलो नाय."

तो हसला नाही. म्हणाला, "जुन्या सगळ्या कागदांवर तुम्ही हेल्पर आहात. दहा वर्षांचा वेल्डरचा दाखला आणा, पहिल्या ग्रेडला घेतो. नाहीतर एक तारखेपासून हेल्परचं काम अन् हेल्परचा रेट, अकरा हजार."

सत्तेचाळिसाव्या वर्षी हेल्पर. म्हणजे दुसरा जोडेल ते लोखंड नुसतं धरायचं आणि त्याचा टाका वाकडा गेला तर मान फिरवायची. माझी जीभ तुम्हाला माहीत आहे. पहिल्याच दिवशी हाकलतील.

एवढं लिहून थांबलो होतो. द्वारकानं वाचून घेतलं अन् म्हणाली, "जावयाचं निमित्त कशाला? सरळ लिवा की, दाखला पाहिजे म्हून." मी म्हटलं, "सरळ रेघ मला लोखंडावरच येते." ती म्हणाली, "व्हय, म्हणूनच भाऊ बोलत नाय."

तेव्हा सरळ लिहितो.

दादा, २००९ ला इथल्या पहिल्या ठेकेदाराच्या फॉर्मवर 'पूर्वानुभव' असा रकाना होता. शेजारचे लोक पुण्या-मुंबईच्या कंपन्यांची नावं लिहीत होते. मला तुमचं वेल्डिंगचं दुकान लिहायचं होतं. ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या अन् गोठ्याची गेटं लिहायची मला लाज वाटली. मी लिहिलं, 'नाही'. त्यांनी नाव हेल्परमध्ये टाकलं आणि काम वेल्डरचं घेतलं. पुढचे ठेकेदार तोच शब्द उतरवत गेले. आज तो शब्द घेऊन मी कुणाशी भांडणार? अक्षर माझंच आहे.

ऐन मोसमात ट्रॉल्या अर्ध्या टाकून गेलो, म्हणून तुम्ही रागावलात. तो राग बरोबर होता, पण कमी होता. तुम्ही माझा हात धरून शिकवलं, ती अकरा वर्षं मी एका शब्दात पुसली, हे तुम्हाला ठाऊकच नव्हतं. आता आहे.

दुकानाच्या कागदावर, शिक्का मारून, एवढंच लिहा की १९९८ ते २००९ हा आमच्याकडं वेल्डर होता. तीस तारखेच्या आत पोचलं पाहिजे. चांगला होता असं लिहू नका. काम अर्धं टाकून पळाला, हे लिहायचं असेल तर जरूर लिहा. ते वाचून साहेबाला दाखला खरा वाटेल.

नवा फॉर्म मी कालच भरून दिला. त्या रकान्यात तुमच्या दुकानाचं नाव लिहिलं आहे, ट्रॉल्या अन् गोठ्याच्या गेटांसकट. तुमचा दाखला आला नाही तर साहेब ते खोडेल. मी खोडणार नाही.

तुमचा शागीर्द,
सूर्यभान