मामांच्या जोर-बैठका आणि माझं खोटं

मामा,

सोमवारची दुपार आहे. आमची जिम अकराला बंद होते ती चारला उघडते. नव्या पेठेतला गोंगाट खिडकीतून वर येतोय आणि मी व्यायामाच्या बाकावर वही ठेवून तुम्हाला लिहितोय. पत्र लिहायची ही पहिलीच वेळ. तुम्ही होतात तेव्हा फोन होता. "बरा हायस न्हवं?" असं तुम्ही विचारायचात, मी "बरा हाय" म्हणायचो आणि बोलणं संपायचं. सांगायचं होतं ते तसंच राहून जायचं.

काल वैरागला जाऊन मामीला सगळं सांगितलं. आज सकाळी इथं जिममध्ये सांगितलं. आता तुम्हीच राहिलात. खरं तर सगळ्यात आधी तुम्हाला सांगायला हवं होतं, आणि तेच जमलं नाही. केवढा भेकड निघालो मी!

कावीळ झाल्यावर मी कसा झालो होतो, आठवतं का तुम्हाला? पोलीस भरतीत छाती मापात बसली नाही. माप घेणारा शिपाई हसून म्हणाला होता, "पोरा, आधी जेवून ये." घरी आलो तो तोंड झाकून झोपलो. तिसऱ्या दिवशी तुम्ही आलात आणि आईला म्हणालात, "ह्येला वरीसभर माझ्याकडं लावून दे."

वैरागच्या शाळेच्या आवारातल्या दोन खोल्यांत तुम्ही आणि मामी राहत होतात. शाळेचे शिपाई तुम्ही, म्हणून साऱ्या शाळेचे मामा. पण सख्खा भाचा मी एकटाच.

पहिल्या दिवशी मला पाचसुद्धा जोर निघाले नाहीत. चौथ्यालाच तोंडावर पडलो! तुम्ही हसला नाहीत. भिंतीकडं बोट दाखवलंत, "जमिनीवर जमत न्हाय तर भिताडावर मार." मग भिंतीवरून पायरीवर आणलंत, पायरीवरून जमिनीवर. जमिनीवर वीस जोर सलग निघायला लागल्यावर मला वाटलं, जिंकलो. तुम्ही माझे पाय उचलून व्हरांड्याच्या कठड्यावर ठेवलेत आणि म्हणालात, "आता मार. सोपं झालं की आवघड करायचं. नुसता आकडा वाढवून अंग भरत न्हाय, दत्ता."

बैठकांचंही तसंच. खाली जाताना सावकाश, वर येताना सावकाश. दोन पायांवर सोपं झालं की एका पायावर, बाकाला हात लावून. आवारातल्या दोन कडुलिंबांच्या मध्ये पाण्याचा जुना पाइप बांधून त्याला लोंबकळायला लावायचात. एक दिवस कसरत, एक दिवस आराम. मी आरामाच्या दिवशी चोरून जोर मारले तर रागवायचात, "अंग काय मारताना वाढतंय व्हय? निजल्यावर वाढतंय." मामी हुलग्याचं माडगं, दूध, अंडी पुढ्यात ठेवायची आणि मी संपवेपर्यंत उठायची नाही.

वर्षभरात दंड भरले, खांदे भरले. पाठीला आकार आला. माझा जुना सदरा बगलेत फाटला त्या दिवशी मामीनं तो हातात धरून अख्ख्या आळीला दाखवला होता! पुढच्या भरतीत छाती मापात आरामात बसली. लेखी परीक्षेत राहिलो, तो माझा दोष.

मग सोलापुरात जिममध्ये ट्रेनरची नोकरी लागली. पहिल्याच आठवड्यात मालक म्हणाले, "तुझा आधीचा एखादा बारीक फोटो आहे का?" होता की! कावीळ उतरल्यावरचा, बरगड्या मोजता येतील असा. त्याच्या शेजारी त्यांनी माझा नवा फोटो लावला, दिवे मारून काढलेला. खाली मोठ्या अक्षरांत छापलं, 'फक्त आमच्या मशीनवर, फक्त सहा महिन्यांत!' जिममध्ये येऊन मला तेव्हा तीन आठवडे झाले होते.

मी बघितलं आणि गप्प बसलो. मनाला सांगितलं, जाहिरातीत असंच असतं. हळूहळू मेंबरं मला विचारायला लागली, मी तीच गोष्ट सांगायला लागलो, आणि एक दिवस मलाच ती खरी वाटायला लागली. तुमचं आवार, तो पाइप, तो कठडा, सगळं मी माझ्याच आयुष्यातून पुसून टाकलं होतं. कसं जमलं मला हे?

आणि मग तुम्ही आलात.

डोळे तपासायला सोलापूरला आला होतात. डॉक्टरांनी थेंब घातलेले, उजेड सहन होत नव्हता. तरी विचारत विचारत जिमचा जिना चढून आलात. पायजमा, टोपी, हातात कापडी पिशवी. दारातल्या त्या पोस्टरला नाक लावून उभे राहिलात. बराच वेळ. खालची अक्षरं तुम्हाला वाचता आली का, मामा? तेव्हापासून हा प्रश्न मी स्वतःला विचारत आलो. वाचता आली नसतील, असं म्हणून कितीदा सुटका करून घेतली. पण अक्षरं मोठी होती.

त्याच वेळी बँकेतले एक साहेब चौकशीला आले होते. मालक टेबलाशी बसले होते. साहेबांनी विचारलं, "मी घरी जोर-बैठका मारतो. त्यानं मसल बनतात का हो? का मशीनच लागतं?"

तुम्ही माझ्याकडं वळलात. चेहऱ्यावर हसू होतं. याचं उत्तर माझ्या भाच्याइतकं कुणाला ठाऊक असणार, असंच तुम्हाला वाटलं असेल.

मी म्हणालो, "नाही सर. त्यानं फारतर दम वाढतो, घाम निघतो. मसल बनवायचं तर वजनच उचलावं लागतं. हे माझंच बघा ना." आणि पोस्टरकडं हात केला.

साहेबांचं लक्ष तुमच्याकडं गेलं. साठीचा माणूस, पण बाही वर सरकलेली आणि हात कसे, दोरखंड वळल्यासारखे! ते म्हणाले, "बाबांचे हात बघा की. हे कोण?"

मालक माझ्याकडं बघत होते. मी म्हणालो, "गावाकडचे आहेत. ओळखीचे."

ओळखीचे.

तुमचं हसू गेलं नाही, तेच मला आजही सहन होत नाही. साहेबांकडं वळून तुम्ही म्हणालात, "आमचं काय साहेब, काम करून झालेत हात. ह्ये सर सांगत्यात ते बरोबर हाय." मग मला म्हणालात, "येतो सर."

सर! ज्या माणसानं माझ्या पाठीला तेल लावलं, तो मला सर म्हणाला. मामा, एक थोबाडीत का नाही मारलीत? सगळ्यांसमोर कान धरून का नाही विचारलंत, "दत्त्या, मी कोण तुझा?" तुम्ही माझी नोकरी सांभाळलीत. तुमची जिना उतरणारी पाठ मला काचेतून दिसत होती. दहा पायऱ्या. मी पहिलीवरसुद्धा आलो नाही.

तुम्ही पिशवी चपलांच्या फळीवर ठेवून गेला होतात. कडक भाकरी, शेंगाची चटणी आणि वांग्याची कोरडी भाजी. दुपारी मी ती खाल्ली, मामा. पोटभर खाल्ली.

दिवाळीला आलो तेव्हा तुम्ही त्यातलं काहीच काढलं नाहीत. मी वाट बघत होतो, तुम्ही विषय काढाल, मी पाय धरीन. तुम्ही माझ्या दंडाला हात लावून नुसतं म्हणालात, "राखलंस चांगलं." एवढंच! मी परत गप्प. मग पाच महिन्यांनी पहाटे आईचा फोन आला. तुम्हाला बार्शीला नेलं होतं, डोक्यात रक्तस्राव झाला होता. मी पोचलो तोवर तुमच्या तोंडावरून चादर ओढली होती.

तेराव्याला जे झालं ते तर तुम्हाला ठाऊकच नाही. का ठाऊक होतं? त्याला कारण तुम्हीच! मामी पाव्हण्यांना सांगत होती, "भाच्यानं लई मान केला ह्येंचा. मालकानं सोताच्या खुर्चीत बसवलं. समद्यास्नी सांगितलं म्हणं, ह्ये माझं मामा, ह्येंनीच मला घडवलं." माणसं माझ्या पाठीवरून हात फिरवत होती. मी मान खाली घालून बसलो आणि त्यांना वाटलं, मी रडतोय.

तुम्ही घरी जाऊन मामीला असं सांगितलंत? एस.टी.त बसल्या बसल्या रचलंत का हे सगळं? माझं खोटं नोकरीसाठी होतं. तुमचं माझ्यासाठी होतं. तरी मी तेराव्यालाही तोंड उघडलं नाही. वर्ष असंच काढलं.

मग नरसय्या काका भेटले. पूर्व भागात राहतात, आयुष्यभर यंत्रमागावर उभे राहिलेले. पाय मोडला, प्लास्टर निघालं तेव्हा मांडी काठीसारखी झाली होती. त्यांचा मुलगा आमच्याकडं येतो, त्यानं मला घरी नेलं. काका म्हणाले, "जिना चढता येत नाही, जिमला कसं येऊ? घरी बसून मांडी भरंल का सर?"

तोच प्रश्न, मामा. या वेळी माझ्याकडं बघायला मालक नव्हते.

मी म्हणालो, "भरेल." डॉक्टरांना विचारून घेतलं आणि सुरू केलं. खुर्चीवर दोन उशा ठेवून उठायचं, बसायचं. जमलं की एक उशी काढायची. मग नुसती खुर्ची. मग स्टूल. मग एका पायावर जास्त भार. सोपं झालं की अवघड करायचं. तीन-चार महिन्यांत काका रस्त्यावर फिरायला लागले. मांडीवर थाप मारून म्हणाले, "मांस आलं बघा सर! हे तुम्हाला शिकवलं कुणी?"

माझ्या तोंडून निघून गेलं, "माझ्या मामांनी."

काका म्हणाले, "एकदा घेऊन या त्यांना. पाया पडायचं आहे मला."

त्यांच्या घरातून बाहेर पडलो आणि कोपऱ्यावर गाडी थांबवून रडलो. परक्या माणसाला तुमच्या पाया पडायचं होतं. आणि मी?

काल सकाळी वैरागची गाडी धरली. शाळेनं खोल्या सोडायला लावल्यापासून मामी बाजारामागं राहते. ती शेंगा फोडत बसली होती. मी समोर बसून सगळं सांगितलं, पोस्टरपासून 'ओळखीचे'पर्यंत. तिचे हात थांबले नाहीत. शेंगा फोडतच राहिली. माझं सांगून झाल्यावर तिनं एकच विचारलं.

"मग त्या दिशी त्येनी काय खाल्लं?"

मला कळलं नाही. ती म्हणाली, "दोगांची भाकरी बांधून दिलती मी. घरी आल्यावर म्हणालं, दत्ता आन मी संगं जेवलो. मी भाकरी टाकू का म्हणलं, तर नगं म्हणालं, पोट भरलंय."

दोघांची भाकरी मी एकट्यानं खाल्ली होती, मामा.

मी पाय धरायला वाकलो. तिनं पाय मागं घेतले. म्हणाली, "माझ्याम्होरं सांगून काय उपेग? ज्येंच्याम्होरं नाकारलंस त्येंच्याम्होरं सांग जा." बारा वाजून गेले होते. मामीनं मला जेव म्हटलं नाही. त्या घरात असं आजवर कधीच झालं नव्हतं.

आज सकाळी मालक आले. बँकेतले साहेबही आले, ते त्याच दिवशी मेंबर झाले होते, अजून येतात. मी दोघांसमोर उभा राहिलो आणि सांगितलं. पोस्टरवर लिहिलंय ते खोटं आहे. माझं अंग जोर-बैठकांनी भरलं. पुढं मांड्यांना वजनाचा उपयोग होतो, मशीन वाईट नाही, पण त्या फोटोतलं शरीर एका शाळेच्या शिपायानं घडवलंय. त्या दिवशी आलेले बाबा माझे सख्खे मामा होते.

मालक चिडले. "आजच सुचलं होय तुला?" मग हात झटकून म्हणाले, "काढ ते पोस्टर. तुझं काय करायचं ते महिनाअखेरीला बघतो." मी पोस्टर काढलं.

साहेब माझ्या हातातल्या पोस्टरकडं बघत होते. मग म्हणाले, "त्यांचे हात बघून मला शंका आली होती. पण म्हटलं, ट्रेनर कशाला खोटं बोलेल?" एवढं बोलून ते आपल्या व्यायामाला गेले. मला चार शब्द सुनावले असते तर बरं वाटलं असतं. जाताना मात्र दारात थांबले आणि विचारलं, "नाव काय होतं त्यांचं?"

तुमचं पूर्ण नाव सांगितलं, वडिलांच्या नावासकट. या जिममध्ये तुमचं नाव मी पहिल्यांदा घेतलं, मामा.

तुम्ही मला माफ केलंत हे मला ठाऊक आहे, दिवाळीला दंडाला हात लावलात तेव्हाच केलंत. म्हणून तुमच्याकडं माफी मागत नाही. ती फार सोपी आहे. मामीनं माफ केलेलं नाही, आणि ते बरोबर आहे.

एक शब्द देतो. येत्या रविवारी मी वैरागला जाणार आहे. तिचा गुडघा धरलाय, उठताना भिंतीला हात लावते, ते काल बघितलंय मी. तिनं दार उघडलं तर आत जाईन, काकांसारखं खुर्चीवरून उठायला-बसायला शिकवीन, नाही उघडलं तर ओट्यावर बसेन आणि संध्याकाळच्या गाडीनं परत येईन. पुढच्या रविवारी परत जाईन. तिच्या तोंडून "जेव" निघेपर्यंत जात राहीन, आणि तोवर त्या गावात अन्नाला हात लावणार नाही.

तुमचा सख्खा भाचा,
दत्ता