कुसकुस निवेपर्यंत थांबावे

ईश्वर एक आहे, मुहम्मद त्याचे प्रेषित आहेत, मरण खरे आहे आणि त्यानंतरचे उठणेही खरे आहे, ही साक्ष प्रथम देते. आमच्याकडे प्रत्येक मृत्युपत्र याच साक्षीने सुरू होते आणि वाचणारे ती ओलांडून थेट घरादारावर येतात. माझी मात्र थांबून वाचावी. मी, झहूर बुझियान, वय एकाहत्तर, धर्मतत्त्वज्ञानाची निवृत्त प्राध्यापिका, राहणार फेस शहर, हे कुणाच्या दबावाविना लिहीत आहे. काळीज थकले आहे, डोके शाबूत आहे.

एक. मला माझा मुलगा यूनुस याच्याशेजारी पुरावे. तो सात वर्षांचा असताना तापाने गेला. मातीला आलेले एक विद्वान म्हणाले, ‘देवाचा लाडका होता, म्हणून नेला.’ त्या वाक्याला उत्तर शोधण्यात माझी सारी विद्वत्ता खर्ची पडली.

दोन. शरियतप्रमाणे मला इस्टेटीचा तिसरा हिस्साच मर्जीने देता येतो. त्यातून माझी पुस्तके आणि गच्चीवरची खोली माझी विद्यार्थिनी सुंदुस हिला द्यावी. माझी टिपणे तिने खुशाल छापावीत, पण मुखपृष्ठावर ‘बंडखोर’ असे घालू नये. याच शब्दावर पॅरिसच्या परिषदेत टाळ्या मिळाल्या आणि इथे शिव्या. माझ्या पुस्तकात मी एवढेच लिहिले होते की देवापाशी तक्रार करणारा माणूस ‘तो ऐकतो’ हे धरूनच बोलतो, म्हणून तक्रार हीसुद्धा प्रार्थनाच. पुस्तक न उघडता त्यावर लांबलचक लेख लिहिणाऱ्या प्राध्यापक मसऊद यांना एक प्रत माझ्यातर्फे भेट द्यावी.

तीन. रव्याचे कुसकुस उकडायचे मोठे भांडे शेजारच्या बतूलला द्यावे. एकट्या बाईला ते कधीच लागत नव्हते.

चार. उरलेले सर्व माझा धाकटा भाऊ तहामी याचे. हे मी देत नाही, कायदा देतो, कारण दुसरा वारस नाही. तहामी आमच्या गल्लीतल्या मशिदीचा इमाम आहे. दर शुक्रवारी नमाजेनंतर तो माझ्याकडे जेवायला यायचा. माझे पुस्तक निघाले त्या शुक्रवारी मी कुसकुस उकडत होते आणि कर्ण्यातून त्याचा आवाज आला: “जो निर्मात्याला जाब विचारतो तो धर्माबाहेर. मग तो माझ्या आईच्या पोटचा का असेना.” तो जेवायला आला नाही. त्यानंतर कधीच आला नाही. मी मात्र दर शुक्रवारी त्याचा चमचा मांडत राहिले. बतूल म्हणायची, “लल्ला झहूर, अगं निवतंय ते, जेवून घे.” मी म्हणायचे, “थांब गं जरा.”

हे कागद करणारे सी लार्बी यांनी मला सावध केले. मुसलमानाला धर्माबाहेरच्या माणसाचा वारसा मिळत नाही. घर घ्यायचे तर तहामीला बारा साक्षीदारांसमोर सांगावे लागेल की बहीण मुसलमान म्हणून मेली. सुंदुस हसून म्हणाली, “बाई, चांगलं कोंडीत पकडलंत त्यांना.”

नाही गं पोरी. मला तसले काही नको. त्याच्या तोंडून ते शब्द निघत नसतील तर कुणी त्याला डिवचू नये, गल्लीत टोमणे मारू नयेत. घर सरकारजमा झाले तरी चालेल. यूनुसच्या कबरीवर दर ईदला मेंदीच्या फांद्या कोण ठेवते, ते मी दुरून पाहिले आहे. माझा भाऊ वाईट नाही. मला त्याची फार आठवण येते.

पाच. जनाज्याची नमाज फक्त मुसलमानाची पढतात, आणि ती पढवण्याचा पहिला मान भावाचा. माझा देह मशिदीसमोर ठेवाल तेव्हा इमामाची जागा मोकळी ठेवावी. त्याला बोलवायला माणूस पाठवू नये, कर्ण्यावरून नाव पुकारू नये. फक्त ताटातले कुसकुस निवायला लागतो तेवढा वेळ थांबावे. तो आला तर त्याच्यामागे उभे राहावे. न आला तर दुसऱ्या कुणालाही पुढे करावे, आणि कुणी काही बोलू नये. एवढे थांबायची मला सवय आहे.

सही: झहूर बुझियान

साक्षीदार: सी लार्बी घस्साल, सी अब्दुन्नबी तूनी

फेस, शुक्रवार, दुपारच्या नमाजेआधी. चूल पेटवलेली आहे.