उल्का जमिनीवर उतरली तेव्हा

३ मार्च, सोमवार

चारशे बारा पत्रं! पोत्यात भरून आली. बावीस वर्षं आमच्या चित्रकथेतलं वाचकांच्या पत्रांचं पान मी एकटी सांभाळतेय, पण इतकं तोंडसुख घेतलेलं कधी पाहिलं नव्हतं. राग एकाच गोष्टीचा — आमच्या उडणाऱ्या नायिकेनं, उल्केनं, आपली शक्ती सोडली. आणि दिली कुणाला? काजळ्याला! जो पहिल्या अंकापासून शहर जाळायला टपलाय, त्याला. आता काजळ्या आकाशात, आणि आमची उल्का गेले चार अंक भाड्याच्या एका खोलीत.

चांगली पत्रं तीन. त्यातली दोन एकाच हस्ताक्षरात.

संपादकसाहेब म्हणाले, "पुढच्या अंकात कौतुकाची पाच पत्रं पाहिजेत. धड नसतील तर... तुम्ही बघा काय ते."

काय ते म्हणजे स्वतः लिहा. एवढं मला कळतं.

खरं सांगायचं तर मलाही ही गोष्ट आवडलेली नाही.

४ मार्च

धाकट्या बहिणीचा फोन. लहानपणी आम्ही दोघी कॉमिकच्या एका अंकासाठी झिंज्या ओढायचो, त्यातलीच ती अजून.

"ताई, तुम्हा लोकांना लाज कशी वाटत नाही? उल्का जिने चढतेय! धापा टाकत!"

म्हटलं, अगं, मी लिहीत नाही, मी फक्त पत्रं बघते.

"मग बघ ना. माझंही आहे त्यात." फोन आपटला.

आहे. सात पानी. एकही शिवी नाही. म्हणूनच जास्त लागलं.

५ मार्च

आज दगड आला! भर दुपारी. खिडकीची काच फुटून काकांच्या टेबलावर. काका म्हणजे आमचे चित्रकार — पहिल्या अंकापासूनची उल्का त्यांच्याच हातची. ते जागचे हलले नाहीत. लेखिकाबाई मात्र धावल्या आणि चित्रावरचे तुकडे एकेक करून वेचायला लागल्या. बोट कापलं तरी वेचत होत्या.

माझा तोल गेला. "बाई, सोपी वाट धरलीत तुम्ही. चार भिंती, एक खाट, झाली गोष्ट! उडवायला कल्पना लागते."

त्यांनी पुढचा तुकडा उचलला. काका ब्रश धूत राहिले.

सगळ्यांसमोर बोलायला नको होतं. पण खोटं काय बोलले?

६ मार्च

खोटी पत्रं लिहायला बसले. तीन फाडली. 'आदरणीय संपादक, मी आपली नियमित वाचक' — शी! मलाच हसू आलं. बावीस वर्षं जिनं बनावट पत्रं पहिल्या ओळीत ओळखली, तिनंच आता ती पाडायची?

ठरवलं. चारही अंक पुन्हा वाचायचे, बहिणीचं पत्र शेजारी ठेवून. काही खरंच आवडलं तर तेवढंच, माझ्या नावानं छापायचं. नाही आवडलं तर तसं.

पहिला अंक — नाही. कंटाळा.

दुसरा. उल्का चौथ्या मजल्यावर पोचते आणि दाराशी थबकते. बेल कुठे असते तिला ठाऊकच नाही! इतकी वर्षं खिडकीतून ये-जा. पहिल्यांदा वाचताना मी रागाच्या भरात पुढे गेले होते.

तिसरा. काजळ्या पाण्याचा ग्लास उचलतो, ग्लास चुरा होतो. दुसरा उचलतो, तोही. तिसऱ्याला तो हातच लावत नाही, तहानलेला बसून राहतो. नवी ताकद कशी आवरायची हे त्याला कुणी शिकवलेलंच नाही. पूर्ण पान फक्त त्याचा हात. काकांनी असा हात कधी काढला नव्हता. मला त्या मेल्याची दया आली. काजळ्याची!

चौथा अजूनही पटत नाही. शेजारीण तिला ओळखते आणि कुणालाच सांगत नाही? इथे तर चहावाल्यालाही सगळं ठाऊक असतं.

तसंच लिहिलं. काय आवडलं, काय नाही.

७ मार्च, शुक्रवार

फाटकाशी तीसेक माणसं. 'उल्केला उडवा!' पोलीस एक, तोही फोनवर.

बैठकीत साहेबांनी टेबलावर हात आपटला. "पुरे झालं. पुढच्याच अंकात शक्ती परत. पहिलं पान — उल्का आकाशात, खाली अख्खं शहर, एकेक खिडकी दिसली पाहिजे."

लेखिकाबाई पांढऱ्याफटक पडल्या. काका नखं बघत होते.

मग मीच उठले. म्हटलं, साहेब, परवापर्यंत मीही तुमच्याच बाजूची होते. आणि लिहिलेलं वाचून दाखवलं. दाराची बेल. ग्लास. तो हात. चौथ्या अंकाबद्दलची कुरकुरही.

"म्हणजे तुम्हाला आवडली की नाही?"

"अर्धी. पण अर्ध्यात तोडली तर पाच पत्रं काय, एकही छापायच्या लायकीचे आपण राहणार नाही."

त्यांनी कागद माझ्या हातातून घेतला, पुन्हा वाचला. बाहेर घोषणा चालूच.

"छापा तुमचं ते. आणखी दोन अंक. नंतर माझ्याकडे यायचं नाही."

काका उठून निघून गेले. माझ्याकडे बघितलंही नाही. दोन अंक वाचवले आणि हे बक्षीस!

१७ मार्च

अंक आला. दोन्हीकडून जोडे. एक म्हणतो मालकाची चमची, दुसरा म्हणतो घरभेदी.

बहिणीचा फोन. "ग्लासचं मी पाहिलंच नव्हतं गं. तरीपण मला पटत नाही हं."

"नको पटू दे."

फोन मात्र ठेवला नाही तिनं. पाऊण तास भांडलो. बरं वाटलं.

१८ मार्च

लेखिकाबाईंनी आज मला पायरीवर गाठलं. म्हणाल्या, "काकांची नजर गेलीय. मधोमध काळा डाग, दोन्ही डोळ्यांत. खिडक्यांचं शहर आता नाही जमत. जवळचं, मोठं जमतं. म्हणून उतरवलं तिला खाली. कुणाला सांगू नका — तो हात तुम्हाला आवडला, तेव्हापासून जेवायला लागलेत."

हे पान फाडून टाकायचं.