इंजिनाचं वय

प्रिय क्लिफ,

हे पत्र ग्लेनिस तुला वाचून दाखवणार, हे धरूनच लिहायला बसलो आहे. तेव्हा आधी तिच्याशी दोन शब्द. ग्लेनिस, चहा मुरत ठेवला असशील तर ओतून घे, पत्र लांबलं आहे. माझं अक्षर तुला लागत नाही अशी तुझी जुनी तक्रार, म्हणून या वेळी एकेक अक्षर सुटं काढलं आहे. आणि मी जिथे स्वतःला शिव्या घातल्या आहेत तिथे भीड म्हणून आवाज बारीक करू नकोस. त्याला नीट ऐकू दे.

क्लिफ, तुझं घर माझ्यापासून तीन गल्ल्यांवर. आमच्या न्हाणीघराच्या खिडकीतून तुमचं धुराडं दिसतं. तरी मी पत्र लिहितो आहे, यातच सगळं आलं. नऊ वर्षं आपण हे गाव वाटून घेतलं आहे. मासे-बटाट्यांच्या दुकानात मी गुरुवारी जायचं आणि तू शुक्रवारी, असं कुणी ठरवून दिलं नव्हतं, पण दोघांनीही ते पाळलं. आमची पॉलीन म्हणते, "दोन म्हातारे बोकड, आणि मध्ये अख्खं गाव अडकलंय!" क्लबातल्या अर्नेस्टला पुरलं तेव्हा आपण खड्ड्याच्या दोन बाजूंना उभे होतो. मागच्या हिवाळ्यात तर मी औषधांच्या दुकानात तुझ्या अगदी हाताशी उभा होतो. तुझ्या हातात पांढरी काठी होती. तू माझ्याकडे तोंड करून म्हणालास, "रांग इथेच संपते ना हो?" आणि मी उत्तर न देता बाहेर पडलो. हे तुला ठाऊक नाही. आवाजावरून ओळखशील म्हणून मी घाबरलो. घरी येऊन औषध विसरलो म्हणून पॉलीनची बोलणी खाल्ली, पण लाज वाटली ती औषधाची नव्हे.

आता बातमी. आपण घरी बांधायला घेतलेली ती गाडी पास झाली. मागच्या बुधवारी तपासणी केंद्रातून तिचा मंजुरीचा कागद मिळाला. तू विचारशील, इंजिनाला नंबर नसताना पास झाली कशी? सांगतो, पण क्रमाने सांगू दे. मला हे सरळ सांगायला जमत नाही आहे.

ती खोकी आली तो दिवस तुला आठवतो का? एका लॉरीभर सुटे भाग, नळ्यांचा सांगाडा, आणि भुशात रचलेली ती हिरवी बॉडी. पॉलीन दारात उभी राहून म्हणाली होती, "ही गाडी आहे की गाडीचा अपघात?" तीन हिवाळे, दर शनिवारी दहाला तू यायचास, ग्लेनिसने मटण-बटाटा भरून भाजलेला पॅटिस फडक्यात बांधून आणायचास, आणि तो आपण रेडिएटरच्या खोक्यावर ठेवून खायचो. चाळीस वर्षं तू कापडाचे माग बनवणाऱ्या कारखान्यात ओतकामाचे लाकडी साचे केलेस. लाकडावर अंगठा फिरवून तू सांगायचास की इथे कागदाइतकं जास्त आहे. मी मोजायचो, आणि कागदाइतकंच जास्त निघायचं. माझा स्वभाव वेगळा. मी आधी कापतो, मग मोजतो, मग दुसऱ्या कुणाला तरी दोष देतो.

आणि ते इंजिन. भंगारवाल्याकडे एका ठोकलेल्या गाडीतून आपण ते उपसून आणलं. आपलं सगळं भवितव्य त्याच्या वयावर होतं. इंजिन जुनं असेल तर त्याचा धूर जुन्या मापाने मोजतात, पण ते जुनं आहे याचा पुरावा लागतो. तो पुरावा म्हणजे कारखान्याचं पत्र, आणि कारखाना पत्र देतो ते इंजिनावर ठोकलेल्या नंबरावरून. नंबर नसला की ते काल जन्मलं असं समजून धूर मोजतात. दोन कार्बोरेटरवाल्या आपल्या म्हातारीचा त्यात निभाव लागणं शक्य नव्हतं.

त्या शनिवारी मी रंग आणायला गेलो होतो. परत आलो तो तू रंगाआधी इंजिनाचा ठोकळा साफ करत होतास, ओतकामातले उंचवटे घासून काढत होतास. मी इंजिनाचं माहितीपुस्तक उघडून नंबर उतरवून घ्यायला वाकलो. पुस्तकात लिहिलं होतं, डावी बाजू, पुढच्या अंगाला सपाट जागा. ती सपाट जागा आरशासारखी चकचकीत होती. तू शांतपणे म्हणालास, "तिथे नंबर नव्हता, माल्कम. ओतकामाच्या खुणा होत्या नुसत्या. घासायच्या आधी पाहिलं ना मी." एवढंच म्हणालास. मी मात्र सगळं गॅरेज डोक्यावर घेतलं.

ते गॅरेजमध्येच संपलं असतं तर तू मला माफ केलं असतंस. पण पुढच्या मंगळवारी गाड्या बांधणाऱ्यांच्या आपल्या क्लबात, अकरा माणसांसमोर, कुणीतरी विचारलं की तुमची गाडी कुठवर आली, आणि मी म्हणालो, "क्लिफला विचारा, नंबर घासून बसलाय. बिचाऱ्याला दिसतंच कुठे? डोळे चाललेत त्याचे, डॉक्टरनंच सांगितलंय." ती गोष्ट तू फक्त मला सांगितली होतीस. ग्लेनिसलासुद्धा अजून सांगितलेली नव्हती. तू ग्लास खाली ठेवलास, टोपी घातलीस आणि गेलास. मी मागे आलो नाही. आपलं बरोबर आहे असं मला वाटत होतं, आणि आपलं बरोबर आहे असं वाटणारा माणूस उठून कुणाच्या मागे जात नाही.

सहा वर्षं गाडी चादरीखाली पडून होती. नोकरी सुटल्यावर पॉलीनने सांगितलं, एक तर ती बांधून काढ नाही तर माझी बागेची हत्यारं तरी तिथे ठेवू दे. मग एकट्याने बांधली. तुझ्या कानशींचा संच माझ्याच खणात होता. तो परत करायला हवा होता, मी वापरला.

या वसंतात पहिली तपासणी झाली. हॅल्सॉल नावाचा तपासनीस, बारीक माणूस, काठीला बसवलेला चेंडू घेऊन गाडीभोवती फिरतो. चेंडू जिथे जिथे टेकेल तिथे तिथे कड गोल पाहिजे, कुणाला लागू नये म्हणून. मी क्लबातल्या सगळ्यांसारखंच केलं होतं. कडेकडेला रबराची पट्टी आणि प्रत्येक नटावर प्लास्टिकची टोपी. हॅल्सॉल म्हणाला, "मिस्टर एन्टविसल, हे रबर गाडीवर किती दिवस राहणार?" मी म्हटलं, "कायम, साहेब." तो म्हणाला, "सगळे हेच सांगतात. दुसऱ्या दिवशी कचऱ्याच्या डब्यात असतं." ब्रेक, आवाज, आरसे, सगळं ठीक निघालं. वळण घेतल्यावर चाक आपोआप सरळ यावं लागतं, तेही आलं. मग त्याने विचारलं, इंजिनाचा नंबर? आणि मी काय सांगितलं असेल? "माझ्या एका मित्राने घासून टाकला." नऊ वर्षांनीसुद्धा, एका परक्या माणसासमोर, मी तुलाच पुढे केलं. धूर नव्या मापाने मोजला गेला आणि गाडी सपशेल नापास झाली.

दुसरं, नवं इंजिन घालायचं ठरवलं. त्यासाठी जुनं बाहेर काढायचं, आणि ते काढायचं तर आधी अल्टरनेटर सोडवायचा. तो ज्या ब्रॅकेटवर बसतो ते ब्रॅकेट तुला आठवत असेल. मूळचं सांगाड्याच्या नळीला आपटत होतं, म्हणून पहिल्याच हिवाळ्यात मी जाड पत्र्याचं नवं कापलं. त्याचा मला इतका गर्व होता की तुला हातही लावू दिला नाही. तू म्हणालास, "मागे काय झाकलं जातंय ते बघ तरी." मी म्हटलं, "तू तुझं लाकूड बघ." मागच्या महिन्यात ते ब्रॅकेट सोडवलं. त्याच्या मागे, वंगणाच्या काळ्या थराखाली, दुसरी सपाट जागा होती. पुस्तकातलं वर्णन तिलाही तंतोतंत लागू पडतं. चिंधीने पुसलं, आणि खाली नंबर. सगळाच्या सगळा, कालच ठोकल्यासारखा ठसठशीत.

मी उलट्या बादलीवर बसलो. पॉलीन जेवायला बोलवायला आली आणि माझ्याकडे बघून ताट झाकून ठेवायला परत गेली. नंबर कारखान्याला कळवला, पत्र आलं, आपली म्हातारी पुराव्यानिशी म्हातारी ठरली. अल्टरनेटर पुन्हा बसवला, धूर जुन्या मापाने मोजला, पास. हॅल्सॉलने विचारलं, "मित्राने घासला होता ना?" मी सांगितलं, "नाही. मीच झाकला होता. तो खरं बोलत होता." तुला सांगायच्या आधी हे मी त्याला सांगितलं, याबद्दलही माफ कर.

पण मी हे पत्र गाडीसाठी लिहीत नाही. बाजारात ग्लेनिस पॉलीनला म्हणाली की त्या मंगळवारनंतर महिनाभरात तू कामाचा बाक आणि लेथ विकून टाकलास. डॉक्टरने अजून पाचसहा वर्षं चांगली दिली होती, पण तू म्हणालास, "समोरचा नंबर ज्याला दिसला नाही त्याने हत्याराला हात लावू नये." आणि ती पाचसहा वर्षं तू खुर्चीत बसून काढलीस. क्लिफ, तुझे डोळे त्या दिवशी चांगले होते. तू पाहिलंस ते बरोबर पाहिलंस. ती वर्षं मी घालवली, तुझ्या डोळ्यांनी नव्हे, आणि ती मला परत करता येत नाहीत. माझं ते ब्रॅकेट वर्तमानपत्रात गुंडाळून तुझ्या पायरीवर ठेवलं आहे. मागच्या बाजूवरून हात फिरवलास की कळेल, मी मापसुद्धा धड घेतलेलं नाही. वाटलं तर माझ्या डोक्यात घाल. नवं ब्रॅकेट केलं आहे, नंबरापुरती खिडकी ठेवून. ती जागा रंगवलेली नाही. गाडीचं रबरही काढलेलं नाही, क्लबातले हसतात, पण तुझा हात तिच्यावरून फिरेल तेव्हा कुठे लागायला नको. शनिवारी दहाला गॅरेज उघडतो, बॉनेट काढून ठेवतो, इंजिन थंड असेल. कानशी साफ करून ठेवल्या आहेत. नंबराचा पहिला आकडा सात आहे. पुढचे तू अंगठ्याने वाच आणि मला सांग.

तुझाच,
माल्कम